छत गळत नाही, आतनंच पाणी सुटतंय : जांबोटी-कणकुंबीकडं कॅम्पर घेऊन राहायचं तर

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन निपाणीतच त्याचा कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, करून घेतलाय, आंबोलीत एक रात्र राहून बघितलं तर पहाटे छतावरनं गादीवर ओळीत थेंब पडाय लागले, मिस्त्रीनं दोनदा वरनं सिलिकॉन मारलं तरी तेच, आणि आता डिसेंबरच्या शेवटी तुम्ही, वहिनी, मुलगा आणि आई असे चौघं चार-पाच रात्री जांबोटी-कणकुंबीकडं काढायच्या म्हणताय. हीटर कुठला बसवू, जनरेटर घेऊ का, जंगलात गाडी लावायची कुठं आणि आईला थंडी सोसंल का, हे तुमचे चार प्रश्न. बेळगावच्या उद्यमबागेत माझं गाड्यांच्या बॉडीचं काम आहे, कॅम्पर करून देतो आणि सुट्टी मिळंल तशी आमची गाडी घेऊन ह्याच पट्ट्यात राहायला जातो, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

हीटरचा विषय आधी डोक्यातनं काढा. आपल्या ह्या डोंगरात राहताना त्रास थंडीचा होत नाही, ओलाव्याचा होतो. बेळगाव साधारण साडेसातशे मीटर उंचीवर आहे, कणकुंबी-चोर्ला घाटाचा माथा आठशेच्या आसपास, म्हणजे वर गेल्यावर फार काही गारठा वाढतो असं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे १२ ते १५ अंश, एखादी थंडीची लाट आली तर १० च्या आसपास, एवढंच. दोन रजया आणि गरम पाण्याची पिशवी असली की माणूस सुखानं झोपतंय. खरं त्याच पहाटे बाहेर धुकं उतरलेलं असतंय, झाडाची पानं टपटप गळत असतात आणि गाडीच्या आत चार माणसं दारं-खिडक्या लावून झोपलेली. तुमचं छत गळत नसणार, असं माझं मत आहे. आतनंच पाणी सुटतंय.

हे कसं ते सांगतो. झोपलेला माणूस श्वासातनं आणि कातडीतनं तासाला साधारण ३०-४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघं आठ तास झोपली की रात्रीत लिटरभर पाणी गाडीतल्या हवेत गेलं. त्यात रात्री आत गॅसवर स्वयंपाक केला असंल तर आणखी भर, कारण एक किलो एलपीजी जळला की जवळजवळ दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन बाहेर पडतंय, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतंय. कुकरच्या शिट्ट्या, ओला टॉवेल आणि पोराचे भिजलेले मोजे आत वाळत टाकले असतील तर ते वेगळंच. ही सगळी वाफ जाणार कुठं? थंड पत्रा शोधते. गार ताकाच्या तांब्याला बाहेरनं घाम सुटतो तसंच हे, फक्त इथं तांब्याच्या आत आपण झोपलेलो असतो.

गळती आणि हे आतलं पाणी ओळखायची खूण सोपी आहे. गळती एका ठिकाणी असते, तिथं प्लायवर पिवळसर डाग पडतो, पाऊस किंवा पाणी मारल्यावर येते आणि दुपारीसुद्धा येते. आतलं पाणी पहाटे चार ते सातच्या मध्ये येतंय, छताच्या लोखंडी रिबांच्या, म्हणजे पत्र्याला आतनं आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या, ओळीवर, स्क्रूच्या डोक्यांवर, काचांच्या खालच्या कडेला आणि गादीच्या खालच्या बाजूला. गादी उचलून बघा, प्लायला टेकलेला भाग ओला आणि वरचा भाग कोरडा असंल तर विषय संपला. तरी खात्री करायची तर दुपारी गाडी रिकामी, दारं उघडी ठेवून छतावर पंधरा-वीस मिनिटं पाइपनं पाणी सोडा आणि एक जण आत टॉर्च घेऊन बसा. एक थेंब आला नाही तर मिस्त्रीला परत बोलवू नका. उलट त्यानं मारलेलं सिलिकॉन पुढंमागं काढावंच लागंल, कारण जुन्या सिलिकॉनवर नंतर कुठलंच सीलंट धरत नाही, रंगही धरत नाही. छताच्या जोडाला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन सीलंट लागतंय, हे पुढच्या वेळी मिस्त्रीला आधीच सांगा.

आता उपाय. सगळ्यात मोठा उपाय फुकटचा आहे, तो म्हणजे रात्री हवा खेळती ठेवणं. लोक म्हणतात बाहेर धुकं आहे, हवा ओलीच आहे, मग खिडकी उघडून काय होणार? होतंय की. थंड हवेत मुळात पाणी कमी मावतं. बाहेर १२ अंशाला ९५ टक्के आर्द्रता असली तरी तीच हवा आत येऊन १८ अंशाला तापली की तिची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास उतरते, म्हणजे ती आतली वाफ पिऊन घ्यायला मोकळी होते. म्हणून दोन्ही बाजूच्या खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या, एक खाली पायाकडची आणि एक वर डोक्याच्या पलीकडची, म्हणजे हवा खालनं येते वरनं जाते. छतावर १२ व्होल्टचा व्हेंट फॅन बसवला असंल तर तो बाहेर फेकणारा करून सगळ्यात कमी स्पीडला रात्रभर चालू ठेवा, त्याला करंट नगण्य लागतोय. फॅन नसंल तर ह्या ट्रिपच्या आधी हीटरच्या पैशात फॅन बसवून घ्या. खिडक्यांना वरनं रेन व्हायझर आणि आतनं बारीक जाळी पाहिजेच, नाहीतर डास आणि पाखरं आत येतात आणि मग माणूस वैतागून काच लावून टाकतंय.

स्वयंपाक होता होईल तेवढा बाहेर, साइड ऑनिंगखाली, म्हणजे गाडीच्या बाजूला ओढून काढायच्या कापडी छपराखाली. पाऊस-धुकं असलं आणि आतच करावा लागला तर फॅन फुल आणि भांड्यावर झाकण. ओले कपडे आत नाहीत म्हणजे नाहीत, ते पुढच्या केबिनमध्ये टाका. केबिन आणि मागचा भाग ह्यांच्यात जाड पडदा लावा कारण समोरची मोठी काच हा गाडीतला सगळ्यात गार भाग आहे, सगळ्यात जास्त पाणी तिथं जमतं, जमू दे, सकाळी एका सुती फडक्यानं पुसायचं आणि फडकं बाहेर पिळायचं. हे पुसणं रोजचं आहे, कंटाळा करायचा नाही. चहा ठेवायच्या आधी काचा पुसून दारं सताड उघडायची, सूर्य वर आला की गाद्या उभ्या करायच्या. बेडखाली सलग प्लाय असंल तर त्याला होल सॉनं मोठी भोकं पाडून घ्या किंवा मधे पट्ट्या मारून गादी उचलून घ्या, दोन बोटं फट मिळाली तरी गादीला बुरशी येत नाही.

इन्सुलेशन काय टाकलंय ते तुम्ही लिहिलं नाही. ग्लासवूल असंल तर आपल्या भागात ते वाईट, ओलावा धरून ठेवतंय आणि आतनं पत्रा गंजतो, वरनं काही दिसत नाही आणि कळतं तेव्हा पत्रा जाळी झालेला असतोय. मी नायट्राइल रबरची शीट वापरतो, पत्र्याला घट्ट चिकटवून, मधे हवेची फट न ठेवता. रिबांवरनं पण न्यायची, फक्त रिबांच्या मधल्या चौकोनात टाकून सोडलं तर रिबा उघड्या राहतात आणि थेंब तिथनंच पडतात. तुमच्या गाडीत नेमकं हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे, कारण थेंब ओळीत पडतात असं तुम्ही म्हटलंय. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा मरीन असंल तर उत्तम, कमर्शियल प्लाय ह्या दमट हवेत दोन पावसाळ्यात फुगतो. एक छोटं आर्द्रता मोजायचं डिजिटल मीटर घ्या, स्वस्तात मिळतंय, बेडजवळ चिकटवा. ७० च्या वर आकडा राहिला की खिडकी आणखी उघडायची, असा साधा हिशेब.

डिझेल हीटर वाईट आहे असं म्हणत नाही मी. जळायची हवा बाहेरनं घेणारा, धूर बाहेर सोडणारा हीटर असंल तर तो कोरडी ऊब देतो आणि मनाली-लडाखला जाणाऱ्याला तो लागतोच. तुम्हाला जांबोटीला नाही लागत. खरं एक गोष्ट कळकळीनं सांगतो, कोळशाची शेगडी किंवा गॅसची शेगडी पेटवून गाडी गरम करायचा विचारसुद्धा करू नका, आईला थंडी वाजते म्हणून पाच मिनिटं म्हणूनही नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतोय, माणूस झोपेतच जातंय, दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बेडच्या उंचीला आणि एलपीजीचा अलार्म फरशीजवळ बसवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला म्हणूनच तळाला बाहेर जाणारं भोक पाहिजे. ५ किलोचं छोटं सिलिंडर पुरतंय चार-पाच रात्रींना, घरचं मोठं उचलून आणू नका.

आता गाडी लावायची कुठं. तुम्ही "जंगलात आत एखादी शांत जागा" असं विचारलंय. सरळ सांगतो, राखीव जंगलात आणि अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करायचा नाही. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ च्या डिसेंबरात जाहीर झालं, १९० चौरस किलोमीटरचं आहे, आणि कणकुंबी-जांबोटीच्या आजूबाजूचं बरंच रान फॉरेस्टच्या ताब्यातलं आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अभयारण्यात परवान्याशिवाय शिरणं आणि आग लावणं दोन्ही गुन्हा. रस्त्याकडंला मोकळं मैदान दिसलं, कुणी नाही, म्हणून गाडी घातली असं करू नका. ह्याच भीमगडाच्या बारापेडे गुहांत रॉटनची मुक्तपुच्छ वटवाघळं राहतात, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारा प्राणी आहे तो. आपल्या दाराशी असलेलं हे रान कसं राहतंय ते आपल्या वागण्यावर पण आहे, म्हणून मी ह्या बाबतीत कडक बोलतो.

मग राहायचं कुठं? खासगी जागेत. जांबोटी, खानापूर ह्या बाजूला फार्महाउस, होमस्टे, काजूच्या बागा भरपूर आहेत, मालकाला आधी फोन करून "गाडीतच झोपणार, फक्त जागा, पाणी आणि संडास लागंल" असं सांगितलं की बहुतेक ठिकाणी थोडे पैसे घेऊन लावू देतात. गावं मराठी बोलणारी आहेत, बोलायला काही अडचण नाही. गावात गेल्यावर आधी देवळाजवळ थांबून चार माणसांना विचारायचं, मामा, रात्री इथं गाडी लावली तर चालंल का, कुणाच्या जागेत लावू. हे विचारलं की रात्री कुणी येऊन टॉर्च मारत नाही, उलट सकाळी दूध मिळतंय. फॉरेस्टचे गार्ड बऱ्याचदा कन्नड बोलणारे असतात, गाडीतनं उतरून नमस्कार करून दोन शब्द कन्नडमध्ये बोललं की त्यांचाही सूर बदलतो, तुम्ही निपाणीचे, तुम्हाला ते सांगायला नको.

जागा बघताना मी पायानं बघतो, गाडीनं नाही. आधी चालत फिरायचं. आपली माती जांभ्याची, वरनं कडक दिसते आणि खाली लोण्यासारखी मऊ असू शकते, भरलेला वजनदार ट्रॅव्हलर दव पडलेल्या गवतावर मागचं चाक फिरवत बसला की ट्रॅक्टर बोलवावा लागतो. टाच जोरात मारून बघा, रुतली तर तिथं नको. उघड्या जांभ्याचा सडा म्हणजे सपाट कातळ मिळाला तर सगळ्यात भारी. गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडं करूनच लावायची, रात्री आईला बरं नाही वाटलं तर रिव्हर्समध्ये वेळ जायला नको. उतार असंल तर डोकं वरच्या बाजूला, आणि चाकाखाली लाकडी ठोकळे.

झाडाखाली की उघड्यावर, हा प्रश्न सगळेच विचारतात. उघड्या माळावर रात्री आभाळ मोकळं असलं की जमीन आणि गाडीचं छत पटकन गार होतंय, दव जास्त पडतं, आतलं पाणीही जास्त सुटतं. झाडाच्या छत्रीखाली रात्र दोन अंशानं ऊबदार राहते, खरं सकाळी ऊन मिळत नाही आणि गाडी दुपारपर्यंत ओलीच. माझ्या मते रानाच्या कडेला, पूर्वेकडं मोकळं आणि पश्चिमेला झाडं अशी जागा घ्यावी, सकाळी सातचं ऊन थेट छतावर. ओढ्याच्या काठी, दरीच्या तळाला तर अजिबात नको, गार हवा जड असते, ती रात्री उतरून तिथंच साचते, शंभर पावलं वर चढून गाडी लावली तर फरक कळतो. वरती बघायला विसरू नका. वाळलेली फांदी आहे का, आणि उंच झाडावर नाहीतर कड्यावर आग्या मोहोळ लटकलंय का. आग्या मोहोळाखाली चूल पेटवली, धूर वर गेला की माश्या खवळतात आणि मग पळायला जागा राहत नाही. शेकोटीचं लाकूडही रानातनं तोडायचं नाही, मालकाकडनं विकत घ्या, आणि निजायच्या आधी पाणी ओतून राख हातानं चाचपून बघा.

जनावरं आहेत, आणि ती असणारच. गवे संध्याकाळी आणि पहाटे रस्ता ओलांडतात, अंधार पडल्यावर गाडी चालवायचीच नाही असं ठरवून टाका, पाचच्या आत मुक्कामाला. गव्याला हॉर्न मारायचा नाही, लाइट मारायची नाही, थांबायचं, तो जातो. डिसेंबरात भाताची सुगी चाललेली असते, शेतात गंजी आणि मळणीचं धान असतं, आणि हत्ती खानापूर-चंदगड भागात २००० नंतर दांडेलीकडनं येऊ लागलेत, त्यांना भात, ऊस, केळी हेच पाहिजे असतं. म्हणून उभ्या पिकाला किंवा गंजीला लागून गाडी लावू नका, आणि गावात विचारा, ह्या आठवड्यात हत्ती आहेत का. असतील तर दुसरं गाव. अस्वल वासावर येतंय, खरकटं, मध, फळं बाहेर ठेवायची नाहीत. चपला-बूट आतच, सकाळी झटकून घालायचे.

गोचडीचं मात्र गंभीरपणे घ्या. माकडताप म्हणजे केएफडी, १९५७ ला शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा सापडला म्हणून ते नाव, आणि अलीकडं आपल्या शेजारच्या दोडामार्गात आणि गोव्यातल्या सत्तरीत पण त्याचे पेशंट निघालेत. हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका तुमच्या ट्रिपचाच. पालापाचोळ्यावर बसायचं-लोळायचं नाही, पूर्ण बाह्या, पँटचे पाय मोज्यात, आणि रानातनं आल्यावर पोराची मान, काख, गुडघ्याची मागची बाजू हातानं चाचपायची. आरोग्य खातं गोचडी लांब ठेवणारं डेपा तेल देतंय, मिळालं तर लावा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, फॉरेस्टला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. परत आल्यावर आठवड्याभरात जोरात ताप आला तर डॉक्टरला रानात राहून आलोय हे आपणहून सांगा.

करंटचं बघू. जनरेटर नको. त्या रानात जनरेटरचा आवाज मैलभर जातो, ज्याच्या जागेत लावताय त्यालाही आवडत नाही, जनावरंही बिथरतात. तुमचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला साधारण ४००-५०० वॉट-अवर घेतो, लाइट, पंखा, पंप, मोबाइल मिळून आणखी दोनेकशे धरा. १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२८० वॉट-अवर, दीड दिवस आरामात. छतावरचं २०० वॉटचं पॅनेल डिसेंबरच्या स्वच्छ उन्हात दिवसाला सहा-सातशे देऊ शकतं, खरं झाडाखाली त्याचा पाचवा हिस्सासुद्धा येत नाही, आणि एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी पॅनेलचा करंट बराच घटतो. म्हणून सोलरवर अवलंबून राहू नका. इंजिनाच्या अल्टरनेटरवर ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे चालत्या इंजिनावर मागची बॅटरी बेतानं भरणारा डबा, बसवा, तासभर गाडी चालली की साडेतीनशे वॉट-अवर आत. तुम्ही रोज जांबोटी-कणकुंबी-खानापूर असं थोडं फिरणारच आहात, त्यातच भागतंय. नुसती वायर टाकून लिथियम थेट अल्टरनेटरला जोडली असंल तर ते बदला, अल्टरनेटर तापून जातो, माझ्याकडं अशा गाड्या येतात.

पाणी बेळगावात भरून घ्या. १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, ती मागच्या अॅक्सलच्या पुढं आणि मधे असावी, एका बाजूला असंल तर घाटात गाडी झुकते. सांडपाण्याचं आता नीट ऐका. मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ उगम पावते, तिथनं खानापूर, मग पुढं सौंदत्तीचं नविलुतीर्थ धरण, आणि त्या धरणातनं हुबळी-धारवाडला प्यायचं पाणी जातं. म्हणजे कणकुंबीच्या ओढ्यात भांड्याचं साबणाचं पाणी सोडलं तर ते कुणाच्या तरी घागरीत चाललंय. राकसकोप धरणाच्या बाजूला गेलात तर ते बेळगावकरांचं पाणी. सांडपाण्याची टाकी असंल तर ती मुक्कामाच्या मालकाच्या शोषखड्ड्यात नाहीतर घरी येऊन रिकामी करा, टाकी नसंल तर बादलीत धरून ओढ्यापासून साठ-सत्तर पावलं लांब झाडाच्या बुडाला. कॅसेट टॉयलेट, म्हणजे खालची टाकी काढून नेता येते तो गाडीतला संडास, तर फक्त संडासातच रिकामं करायचं. पोराला प्लॅस्टिक गोळा करायचं काम द्या, एक पोतं गाडीतच ठेवा, येताना बेळगावात टाका.

आईंचं म्हणाल तर त्यांना न्याच. थंडीचा त्रास होऊ नये म्हणून अंगाखाली जास्त घालायचं, अंगावर नंतर, कारण गारवा खालनं चढतो. गोधडी दुहेरी करून खाली, वर रजई, कानाला स्कार्फ, पायात लोकरीचे मोजे, आणि निजायच्या आधी अर्धा तास गरम पाण्याची पिशवी अंथरुणात. बेड खिडकीच्या फटीच्या बाजूला नको, त्यांना आतल्या बाजूला झोपवा. रात्री उठायचं असंल तर पायरी चुकते, दाराला एक बारीक बॅटरीचा दिवा आणि आतच पोर्टेबल टॉयलेट, त्यांना अंधारात बाहेर पाठवू नका. गोळ्या दोन ठिकाणी ठेवा. कणकुंबीहून बेळगावच्या मोठ्या हॉस्पिटलला रात्री दीड तास तरी धरा, म्हणून बीपी-शुगर एकदा निघायच्या आधी तपासून घ्या आणि पहिल्या दोन रात्री जांबोटीला काढा, सगळं बरं वाटलं तर पुढं कणकुंबी. मोबाइलचं नेटवर्क वर येतंय-जातंय, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा.

रस्ता बेळगाव-पिरनवाडी-किणये-जांबोटी-कणकुंबी. डिझेल बेळगावातच फुल करा. कुसमळीजवळच्या मलप्रभेवरच्या पुलाची आणि चोर्ल्याच्या रस्त्याची काय अवस्था आहे ते निघायच्या आदल्या दिवशी कुणाला तरी विचारा, ह्या रस्त्यावर मोठ्या गाड्यांना अधूनमधून बंदी असते. खाली गोव्यात उतरायचा मोह झाला तर ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, पाय ब्रेकवर ठेवून उतरू नका, वजनदार कॅम्परचे ब्रेक तापले की पॅडल खाली जातंय. तिलारी घाटानं ट्रॅव्हलर घालू नका, फार उभा आणि अरुंद आहे. आणि गोव्यातनं येताना बाटल्या आणायच्या नाहीत, कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी असते, आई-पोराला घेऊन तिथं उभं राहायची वेळ नको. पावसाळ्यात ह्याच जागी जायचं म्हणत असाल तर मी नको म्हणीन. बेळगाव शहरात वर्षाला बारा-तेराशे मिलिमीटर पडतो, कणकुंबीला त्याच्या कितीतरी पट, आणि तेव्हा गाडीतली गादी वाळायचा प्रश्नच येत नाही.

जायच्या आधी एक काम करा. घराच्या अंगणात एक रात्र चौघं गाडीत झोपा, खिडक्या दोन बोटं उघड्या आणि फॅन असंल तर चालू. आर्द्रतेचा आकडा झोपताना, रात्री दोनला आणि पहाटे सहाला लिहून ठेवा. सकाळी छताच्या रिबांचा आणि गादीच्या खालच्या बाजूचा फोटो काढा, आणि छताचा एखादा पॅनेल निघत असंल तर आत कुठलं इन्सुलेशन आहे त्याचाही. ते सगळं इथं टाका, म्हणजे रिबा परत झाकायला लागतात की नुसत्या फॅनवर भागतंय ते सांगतो. झाकायला लागल्याच तर काम दोन दिवसांचं आहे, डिसेंबरच्या आत होऊन जाईल.